सरांनी बंद केलेला फोन

सरांचं नाव निघालं की माझं डोकं अजून तापतं. माणूस वाईट असता तर एक वेळ चाललं असतं. वाईट माणसावर रागावून मोकळं होता येतं. हे चांगले होते आणि वर बरोबरही निघाले, त्यामुळे राग ठेवायचा कुठे हा माझा प्रश्न तसाच राहिलाय. आता ते लोणावळ्यात नाहीत, भाच्यानं त्यांना आपल्याकडे नेलं. मी फोन केला तर उचलत नाहीत, आणि चुकून उचललाच तर "बोलायचं असेल तर ये" एवढं म्हणून ठेवून देतात. म्हणजे यांच्याशी भांडायचं तरी तिकीट काढून जायला हवं.

आम्ही दोघं भावंडं त्यांच्या हाताखालून गेलो. शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि काखेत बारा महिने छत्री. लोणावळ्यात छत्रीचं कुणाला नवल नाही, पण हे एप्रिलातसुद्धा ती घेऊन फिरायचे. का, असं विचारलं तर म्हणायचे, "दाखवायला लागते." वर्गात नकाशावर नद्या दाखवून जडलेली सवय होती ती. निवृत्त झाल्यावर त्याच छत्रीनं ते लोकांना त्यांच्या चुका दाखवायचे. बायको लवकर गेली, मूल नव्हतं, त्यामुळे चुका दाखवायला वेळ भरपूर होता.

निवृत्तीनंतर माणसं देवळात जातात, बागेत फिरतात. सरांनी लोकांचे फोन लावायला घेतले. शाळा बंद होत्या त्या काळात मोबाईलवर वर्ग घेता घेता त्यांना नेटवरच्या कॉलची सगळी खुबी कळली होती. आमच्या आळीत दर दोन घरांआड एक म्हातारं माणूस एकटं. मुलं पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर त्याच्याही पलीकडे. मुलांनी आईवडिलांना भारीतले मोबाईल पाठवलेले आणि आईवडिलांनी ते टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलेले. सर संध्याकाळी निघायचे आणि घरोघर जाऊन व्हिडिओ कॉल लावून द्यायचे. कुणी बोलावलेलं नाही, कुणाकडून चहाखेरीज काही घ्यायचं नाही. निव्वळ लष्कराच्या भाकऱ्या.

फोन लावून द्यायचा आणि बाजूला बसायचं, एवढंच केलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण सरांच्या मते व्हिडिओ कॉल म्हणजे भेट, आणि भेटीला भेटीची रीत हवी. आधी ते म्हाताऱ्या माणसाचे केस विंचरून घ्यायला लावायचे. मागच्या दोरीवरचे कपडे काढायचे. पोह्यांच्या डब्याला फोन टेकवायचे आणि डब्याखाली वह्या घालून तो बरोबर डोळ्यांसमोर आणायचे. "आईला खालून बघू नये, वरूनही बघू नये," असं त्यांचं एक वाक्य होतं. मग पलीकडच्याची पाळी. मुलगा पलंगावर लोळत बोलत असला की हे इकडून म्हणायचे, उठून बस. गाडी चालवत असला तर कॉल बंद. बोलता बोलता त्याची नजर दुसऱ्या कुठल्या स्क्रीनकडे गेली तरी बंद. चांगली पन्नाशीची, हाताखाली माणसं असलेली मंडळी सरांना बघून स्क्रीनमध्ये ताठ बसायची. समोरच्या घरातल्या जोशी आजोबांचा मुलगा तर सरांच्या भीतीनं दाढी करून फोनवर यायचा. आजोबांना ते आवडायचं, पण मला तो जाच वाटायचा. मोठ्या माणसांना कुणी असं वागवतं का?

"बोलणं फुकट झालं म्हणून माणसं फुकट झाली का?" हे त्यांचं दुसरं वाक्य. ते ऐकून ऐकून आळीतल्या लहान मुलांनाही पाठ झालं होतं.

त्यांचा हा जाच आळीपुरता राहिला असता तरी बरं होतं. एकदा माझ्या रिसॉर्टमधल्या पाहुण्यांना लोहगड दाखवायचा होता. मी तिथं रिसेप्शनवर काम करते. दिवसभर पर्यटकांना हसून दाखवायचं हा माझा धंदा, त्यामुळे घरी आल्यावर माझ्यात हसू शिल्लक नसतं. वाटाड्या आयत्या वेळी आला नाही, म्हणून मी सरांना गळ घातली. हे गडावर पोचले, तर तिथं एक भलताच पोरगा, आमचा पाहुणाही नव्हे, आईला व्हिडिओ कॉलवर विंचूकाटा, म्हणजे गडाची ती लांब अरुंद सोंड, दाखवत होता. फोन समोर धरलेला, स्वतः मागे मागे सरकत चाललेला, आणि मागे कडा. सरांनी आरडाओरडा केला नाही. सरळ पुढे जाऊन छत्रीची मूठ त्याच्या दंडाला अडकवली, त्याला आत ओढलं, हातातला फोन काढून घेतला आणि त्याच्या आईला सांगितलं, "बाई, तुमचा मुलगा कड्यावर उलटा चालतोय. तुम्ही बघताय म्हणून चालतोय. फोन ठेवा." आणि कॉल बंद केला.

पोरगा भडकला. त्याचे मित्र भडकले. खाली लोहगडवाडीत पिठलं-भाकरीच्या टपरीवर हे सगळं प्रकरण माझ्या पाहुण्यांच्या देखत पुन्हा उगाळलं गेलं, आणि संध्याकाळी ते सगळं माझ्यापर्यंत तक्रार म्हणून आलं. टपरीवाल्या मावशींनी तेवढी सरांची बाजू घेतली. "त्यो गुरुजी नस्ता तर आज आमाला दोर घिऊन खाली उतराया लागलं आसतं," असं त्या म्हणाल्या म्हणे. मॅनेजरनं मला मात्र पुन्हा अशा माणसाला पाठवू नका म्हणून सुनावलं. सरांना मी ते सांगितलं तर ते म्हणाले, "पाठवू नकोस. मलाही आवडलं नाही."

गडाखालच्या तिकोणा पेठ गावात त्यांचा एक जुना विद्यार्थी होता. त्याच्या बहिणीला मुंबईहून स्थळ आलं. मुलाकडच्यांना यायला सवड नव्हती, म्हणून पाहण्याचा कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर करायचं ठरलं. पेठेत नेटची बोंब, फोन कसा लावायचा हेही नीट माहीत नाही, म्हणून सरांना बोलावणं आलं. त्यांनी सगळी व्यवस्था केली. मुलगी समोर बसली, नाव, शिक्षण, स्वयंपाक सगळं विचारून झालं. मग पलीकडून कुणीतरी बाई म्हणाल्या, जरा चालून दाखवायला सांगा.

सर म्हणाले, "दाखवते. आधी मुलाला चालवा."

पलीकडून हॅलो, हॅलो सुरू झालं. त्यांना वाटलं आवाज नीट पोचला नाही. सरांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि वर म्हणाले की मुलाकडचं स्वयंपाकघरही दाखवा, मुलगी तिथंच उभी राहणार आहे. कॉल तिकडूनच कट झाला. मुलीचे वडील डोक्याला हात लावून बसले. "सर, तुमी आमचं वाटुळं क्येलं," असं ते तोंडावर म्हणाले. आठवडाभर पेठेत सरांच्या नावानं खडे फोडणं चाललं होतं. मग एक दिवस त्या मुलीची आई आपल्या शेतातला इंद्रायणी तांदूळ घेऊन बसनं लोणावळ्याला आली, सरांच्या ओट्यावर पिशवी ठेवली आणि आल्या पावली परत गेली. सरांनी तो तांदूळ सगळ्या आळीत वाटला. भात फार छान झाला होता, हे रागातही कबूल करायला हवं.

आता आमच्या घरचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसले.

आई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती काही नीट उभी राहिली नाही. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढंच तिचं जग उरलं. वडील आधीच गेलेले. माझं लग्न झालेलं नाही, का झालं नाही ते या गोष्टीत येत नाही. दिवसा आईजवळ कान्ह्याहून शेवंताबाई यायच्या, संध्याकाळनंतर मी. आणि दादा कॅनडात.

दादा रोज फोन करायचा. आमची संध्याकाळ म्हणजे त्याची सकाळ. ऑफिसबाहेर गाडी लावायची आणि आत जाण्याआधी गाडीतच बसून आईशी बोलायचं, असा त्याचा नेम. एक दिवस चुकला नाही. त्यामुळे नातेवाईकांत दादाचं काय कौतुक. सातासमुद्रापलीकडे राहून मुलगा रोज आईशी बोलतो. पुण्याचे काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, ते तर लग्नाकार्यात उभे राहून सांगायचे, मुलगा असावा तर असा. आईचं अंग पुसणारी, तिला बेडपॅन देणारी मी तिथंच पंगतीत बसलेली असायचे. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

दादा वाईट नव्हता. येणं जमत नाही याची त्याची कारणं खरी होती. एकदा तिथल्या कागदपत्रांचं अडलं, एकदा नोकरी बदलली, मग मुलीची परीक्षा. मला संताप त्याचाच यायचा. खोटी कारणं निदान संपतात, खरी कारणं कधी संपतच नाहीत.

सर रोज संध्याकाळी येऊन तो कॉल लावायचे. आमच्या भागात पावसाळ्यात वीज गेली की वायफाय जायचं, मग ते आपला मोबाईल जोडायचे. आईला त्या कॉलमधल्या सगळ्याचीच काळजी. दादाचं चित्र मध्येच तोंड उघडं असताना थिजलं की ती घाबरायची. सर म्हणायचे, नेट अडकलंय वहिनी, तो ठीक आहे. आवाज जरा उशिरा पोचायचा. आईनं काही विचारलं की मध्ये क्षणभर काहीच नाही आणि मग उत्तर. आईला वाटायचं तो विचार करून बोलतोय. "पूर्वी पटकन बोलायचा. आता काहीतरी लपवतो," असं ती मला रात्री सांगायची. शेवटी सरांनी घरून पृथ्वीचा गोल आणला आणि आवाज कुठून कसा समुद्राखालून येतो ते छत्रीच्या टोकानं तिला दाखवलं. आईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढ्या लांबून आवाज येतो, मग तो का येत नाही?"

सरांनी छत्री काखेत मारली. त्या दिवशी ते गोल उचलून तसेच घरी गेले.

शेवंताबाईंनी मला एक दिवस दारातच थांबवलं. म्हणाल्या, "ताई, आजी दुपारपास्नं केस इचरून बसत्यात. च्या न्हाई, खानं न्हाई. मी म्हनलं दोन घास खा, तर म्हंत्यात, त्वांड भरल्यालं आसलं आन् त्याचा फोन आला तर?" मी दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, मग मी थोडा उशिरा करू का? त्याला खरंच कळलं नव्हतं.

आणि मग ते अलाबलेचं झालं. कॉल संपायच्या वेळी आईला दादाची अलाबला घ्यायची असायची. तो लहान असताना परीक्षेला जाताना घ्यायची तशीच. दोन्ही हात त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवायचे आणि मग आपल्या कानशिलांवर बोटं मोडायची. पण आता चेहरा काचेत होता. हात हनुवटीपाशी आला की तिथंच तो फोन बंद करायचा लाल गोल. आईची बोटं मोडेपर्यंत दादा गेलेला असायचा. तो पलीकडून पुन्हा लावायचा, आई पुन्हा हात फिरवायची, पुन्हा फोन बंद. दादाला वाटायचं आमच्याकडचं नेट खराब आहे. त्यानं मला चांगलं कनेक्शन घे म्हणून दोनदा सुनावलं. मी आधीच थकलेली, त्यात हे. शेवटी एकदा शेवंताबाईंनीच हसत हसत कॅमेऱ्यापुढे येऊन त्याला सांगितलं की नेट चांगलं हाय, तुमची आईच फोन बंद करती.

दादाही हसला. मग घड्याळ बघत म्हणाला, "सर, आईला सांगा ना, स्क्रीनला हात लावू नको."

"काय म्हणालास?" सरांनी विचारलं.

दादाला वाटलं आवाज पोचला नाही. त्यानं तेच मोठ्यानं, एक एक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं. आईला सांगा, हात लावू नको.

पहिल्यांदा आईनं ऐकलं नसावं. दुसऱ्यांदा ऐकलं. तिनं दोन्ही हात गोधडीखाली घेतले आणि तशीच त्याच्याकडे बघून हसत राहिली. ते मी पाहिलं, शेवंताबाईंनी पाहिलं. दादाला गोधडीखालचं दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

सर फोनच्या पुढ्यात येऊन बसले. शाळेत छडी मारायच्या आधी त्यांचा आवाज एकदम मऊ व्हायचा, तसा झाला. म्हणाले, "हे बघ, उद्यापासून मी हा फोन लावणार नाही. आईशी बोलायचं असेल तर इथं ये." दादा काही म्हणेपर्यंत त्यांनी तो लाल गोल दाबला. मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, आता तो येईपर्यंत फोन नाही."

आईनं विचारलं, "येणार आहे?"

"न येऊन जातो कुठं," सर म्हणाले, आणि छत्री घेऊन निघाले.

माझं पित्त खवळलं. मी त्यांना फाटकात गाठलं. फोन आमचा, आई आमची, भाऊ माझा. आणि तो येणार म्हणून वचन देणारे हे कोण? दादाला सुट्टी यांनी दिली होती का, तिकीट यांनी काढलं होतं का? त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "रोज थोडा थोडा येतो ना तो, म्हणून पुरता येत नाही." मला ते त्या वेळी निव्वळ शब्दांचे खेळ वाटले. तोवर दादाचा माझ्या मोबाईलवर फोन आलाच होता. त्या माणसाला घरात घेऊ नकोस, स्वतःला मूलबाळ नाही त्याला काय कळतं, असं तो तावातावानं बोलत होता. मी दोघांवरही ओरडले. दोघंही शहाणे, आणि उस्तवार करणारी मी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः फोन लावला. डब्याला टेकवला, वह्या घातल्या. दादा समोर आला, आई म्हणून हाक मारली. आईनं तोंड भिंतीकडे केलं. मी विनवण्या केल्या, तर ती मला म्हणाली, "त्याला सांग, आल्यावर बोलेन. आता बोलले तर त्याचं यायचं राहील."

आईनं अबोला धरला होता. आईचा अबोला काय चीज आहे हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत. वडिलांनी एकदा तिला न विचारता तिची शिलाई मशीन विकली, तेव्हा ती त्यांच्याशी थेट दिवाळीच्या पाडव्याला बोलली, तेही ओवाळायचं होतं म्हणून. मी दादाला म्हटलं, ती नाही बोलणार. तो काचेतून तिच्या पाठीकडे बघत बसला. मग ऑफिसची वेळ झाली.

पुढच्या त्या दिवसांबद्दल मी सरांना क्षमा केलेली नाही. ते रोज त्याच वेळेला यायचे, फोनला हात लावायचे नाहीत, खुर्चीत बसून आईला पेपर वाचून दाखवायचे. आई विचारायची, निघाला का? हे म्हणायचे, निघेल. इतकं बेधडक खोटं बोलणारा माणूस मी पाहिला नाही. आई मात्र जेवायला लागली. फोनची वाट बघायची नव्हती ना. तो आला की बसता आलं पाहिजे म्हणून शेवंताबाईंच्या खांद्याला धरून पलंगावर पाय सोडून बसायची सवय करायला लागली. डॉक्टरांनी इतके महिने सांगून जे झालं नाही ते ती आपणहून करत होती. हे बघून मला बरं वाटायला हवं होतं. मला फक्त एवढंच दिसत होतं की तो आला नाही तर ही पार मोडून जाईल, आणि तेव्हा सर आपली छत्री घेऊन आपल्या घरी असतील.

मग तिला ताप भरला. छातीत कफ झाला, डॉक्टर घरी येऊन गेले, त्यांचा चेहरा मला आवडला नाही. मी सरांच्या घरी गेले आणि म्हटलं, आज तिचं काही बरंवाईट झालं तर तिनं मुलाचा आवाजही ऐकलेला नसेल. तुमच्यामुळे. एवढं तरी आहे का तुमच्या लक्षात?

सर ओट्यावर उभे होते. म्हणाले, "आहे. म्हणून झोप नाही." त्यांचा शर्ट चुरगळलेला होता, हे मला तेव्हा दिसलं. पण फोन लावतो असं काही ते म्हणाले नाहीत. मी तशीच परत आले. दादाला मी तापाचं कळवलं होतं, त्यावर त्याचा एक शब्द आलेला नव्हता. त्याचाही मला राग आला.

त्याचा शब्द आला नाही कारण तो विमानात होता.

मुंबईहून टॅक्सी करून तो थेट दारात उतरला. आई उशीला टेकून बसली होती, ताप उतरणीला लागलेला, सर खुर्चीत पेपर वाचत होते. दादाला बघून त्यांनी पेपराची घडी केली. "चपला काढ, हात धू," एवढं म्हणाले आणि त्याच्या बाजूनं निघून गेले. त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही.

दादा पलंगापाशी येऊन खाली बसला. आई त्याला न्याहाळून म्हणाली, "फोनात गोरा दिसतोस." मग तिनं गोधडीतून हात काढले आणि त्याच्या तोंडावरून फिरवले, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. मध्ये काही कट झालं नाही. बोटं मोडली ती शेवंताबाईंनी स्वयंपाकघरात ऐकली.

दादा काही आठवडे राहिला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो सरांकडे भांडायला म्हणून गेला आणि जेवून आला. काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. मला एवढंच म्हणाला की सरांच्या बोलण्यावरून तो आला नव्हता. रोज सकाळी गाडी लावून तो कॉल केला की त्याला सुटल्यासारखं वाटायचं, आणि मग दिवसभर आईची आठवण यायची नाही. कॉल बंद झाला तरी तो त्या वेळेला गाडीत बसून राहायचा, पण सुटका व्हायची नाही. शेवटी उठून तिकीट काढलं. मी म्हटलं, हे मी तुला इतकी वर्षं सांगत होते. तो म्हणाला, तू फोनवर सांगत होतीस.

तो परत गेल्यावर सरांनी पुन्हा फोन लावायला सुरुवात केली. आई पुन्हा हात फिरवायची, फोन पुन्हा कट व्हायचा. आता दादा निमूट पुन्हा लावायचा.

थंडीत आई गेली. पहाटे, झोपेत. दादाकडे बर्फामुळे विमानं अडकलेली, तो दोन दिवस तरी पोचणार नव्हता आणि तोवर ठेवण्यात अर्थ नव्हता. तो मला म्हणाला, सरांना विचार, फोन धरतील का. मला वाटलं नाही म्हणतील. सर अंघोळ करून आले, माझ्या हातातून फोन घेतला आणि आईच्या उशाशी जाऊन उभे राहिले. पलीकडे दादा अंघोळ करून, अनवाणी उभा होता.

घर भरलं होतं. नात्यातली तळेगावची माणसं आली, पुण्याची आली. आई पडल्यापासून यातलं कुणी आमच्या उंबऱ्याशी आलं नव्हतं. पुण्याचे काका मध्येच उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एकुलता एक मुलगा, आणि आईला फोनवर निरोप देतोय. काय दिवस आलेत." दोघातिघांनी माना हलवल्या. मग काका सरांकडे बघायला लागले. सरांचं फोनच्या रीतीबद्दलचं कडक बोलणं त्यांच्याही कानावर गेलेलं असणार. हा माणूस तरी आपल्या बाजूनं बोलेल असं त्यांना वाटलं असावं.

 सरांनी फोन होता तसाच धरून ठेवला.

"तो आई असताना येऊन गेलाय," ते म्हणाले. "तुम्ही आज आलात. आता जरा बाजूला व्हा, त्याला ती दिसत नाही."

काका बाजूला झाले.